ट्रेलर पाहून प्रेक्षक हसले, तर गंभीर थरारपटाचे काय होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या एका तरुण दिग्दर्शकाने यंत्रमाग कारखान्यातील एका कामगाराच्या संशयास्पद मृत्यूवर १ तास ४८ मिनिटांचा गंभीर थरारपट केला. त्याचा २ मिनिटे ४० सेकंदांचा ट्रेलर शहरातल्या एका चित्रपटगृहात मध्यंतरात दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षक तीन ठिकाणी मोठ्याने हसले, आणि आठवडाभरात त्यातला एक छोटा तुकडा मोबाइलवर फिरू लागला. पूर्ण चित्रपट पाहिलेल्यांपैकी मात्र कोणीही हसले नव्हते. दिग्दर्शकाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: अशा हसण्याने चित्रपटाचे खरोखर नुकसान होते का, ‘चर्चा होतेय ना, मग झाले’ असे म्हणणाऱ्या निर्मात्याचे ऐकावे का, आणि प्रदर्शनाला पाच आठवडे उरले असताना काय करावे.

मी २२ वर्षे संकलनाचे काम करते आणि त्यातली बरीच वर्षे ट्रेलर कापण्यात गेली आहेत. तुम्ही पाठवलेला चित्रपट मी एकदा सलग पाहिला आणि ट्रेलर चार वेळा पाहिला, त्यापैकी एकदा आवाज पूर्ण बंद करून. तुमचा चित्रपट चांगला आहे, म्हणूनच हे उत्तर सविस्तर लिहीत आहे. नुकसान होते, आणि तिकीटखिडकीवर जेवढे होते त्याहून अधिक ते चित्रपटगृहाच्या आत, तुमच्या सर्वांत मोलाच्या प्रसंगात होते.

आधी ते तीन प्रसंग पाहू. पहिला ३८व्या सेकंदाला येतो. इन्स्पेक्टर पाठमोरा उभा आहे, तो गर्रकन वळतो, ‘धागा तुटला की टोक माझ्याच हातात येतं’ असे म्हणतो, मोठा दणका वाजतो आणि पडदा दोन सेकंद काळा होतो. तुम्हीच लिहिले आहे की त्या काळोखात मागच्या रांगेतून आवाज आला, ‘मग ओढ की बे!’ आणि सारे गृह हसले. दुसऱ्या प्रसंगात मृत कामगाराची बहीण मागच्या शेडचे शटर उचलते, आत पाहून तिचे डोळे विस्फारतात, ती किंचाळते, आणि लगेच पुढच्या दृश्यात कारखान्याचा मालक भाकरीचा तुकडा मोडताना दिसतो. तिसरे हसू शेवटच्या अक्षरांना आले: ‘एक मृत्यू’, ‘आठ संशयित’, ‘आणि एक धोटा’ (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन), प्रत्येक ओळीला एक दणका.

यातला दुसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो चित्रपटात ७१व्या मिनिटाला येतो आणि तिथे तो अंगावर काटा आणतो. का आणतो, ते नीट पाहा. तोवर आपण त्या बहिणीला पाळी बदलण्याच्या वेळी डबा घेऊन येताना पाहिलेले असते, दारापुढच्या चपलांचे आठ जोड पाहिलेले असतात, आणि भावाच्या तुटलेल्या चपलेचा अंगठा तिने लाल दोऱ्याने शिवून दिल्याचेही पाहिलेले असते. भाऊ त्या रात्री स्वतःच्या पायांनी कारखान्यातून निघून गेला असे सगळे सांगत असतात. शटर वर जाते आणि धुळीत तोच लाल दोरा दिसतो. ती ओरडते त्याच्या अर्धा सेकंद आधी प्रेक्षकाच्या मनात किंकाळी उमटलेली असते.

ट्रेलर करताना रहस्य फुटू नये म्हणून तुम्ही चपला काढून टाकल्या आणि किंकाळी ठेवली. कारण लपवले आणि परिणाम दाखवला. नव्वद टक्के नाही तरी मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या थरार-ट्रेलरमध्ये हीच चूक असते, आणि ती प्रामाणिक माणसांकडून होते, कारण त्यांनी संकलनाच्या टेबलावर तो प्रसंग शंभर वेळा पाहिलेला असतो. त्यांना ती किंकाळी ऐकली की चपला आपोआप दिसतात. प्रेक्षकाला दिसत नाहीत. त्याला फक्त एक अनोळखी बाई तोंड उघडून ओरडताना दिसते.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणाऱ्या क्षणिक भावना) यांच्या संयोगातून रस निर्माण होतो, असे ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरतमुनींचे सूत्र आहे. विभाव म्हणजे भावनेचे कारण आणि अनुभाव म्हणजे तिची देहावर उमटलेली खूण: कंप, घाम, विस्फारलेले डोळे, किंकाळी. तुमच्या ट्रेलरमध्ये अनुभाव भरपूर आहेत आणि विभाव एकही नाही. अशा वेळी भयानक रस उणा पडतो एवढ्यावर भागत नाही. नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी हास्याचे विवेचन करताना दाखवून दिले आहे की अनौचित्यामुळे कोणत्याही रसाचा नुसता आभास उरला, तर तो आभास हास्याला कारण होतो. वेषभूषेबद्दल नाट्यशास्त्रातच एक दृष्टांत आहे: कमरेची मेखला छातीवर बांधली तर तिच्यामुळे शोभा येत नाही, हसू मात्र येते. मेखला तीच असते, तिची घडणही तीच असते. ती चुकीच्या जागी बांधलेली असते. तुमच्या अभिनेत्रीची किंकाळी अस्सल आहे. तिला दोष देऊ नका, आणि कृपा करून ती बातमी तिच्यापर्यंत ‘तुझ्या शॉटला लोक हसले’ अशा शब्दांत पोहोचू देऊ नका.

मोबाइलवर जो तुकडा फिरतो आहे, तो किंकाळी आणि भाकरी यांच्या जोडाचा आहे, हेही स्वाभाविक आहे. १९२०च्या सुमारास रशियातील दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक आणि दुःख अशा वेगवेगळ्या भावना दिसल्या, हे संकलन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी सांगितले जाते. दोन दृश्ये शेजारी आली की प्रेक्षक त्यांच्यात कार्यकारणाचा धागा ओवतोच. तुम्ही ‘पीडित’ आणि ‘संशयित’ असा जोड लावला होता. प्रेक्षकाने वाचले की मालक भाकरी खातो आहे हे पाहून ती किंचाळली. त्याने केलेले वाचन पूर्णपणे तर्कशुद्ध आहे.

पहिल्या प्रसंगात चूक वाक्याची कमी आणि त्यानंतरच्या काळोखाची जास्त आहे. दोन सेकंद म्हणजे ४८ फ्रेम. भरलेल्या गृहात चार शब्दांचे उत्तर द्यायला एक सेकंद पुरतो, तुम्ही दोन दिले. एखादे पात्र ठाम विधान करते आणि त्यानंतर शांतता येते, तेव्हा ती शांतता ऐकणाऱ्याला बोलण्याचे आमंत्रण असते. घरी, चौकात, बैठकीत, सगळीकडे आपण तशीच वापरतो. सोलापूरचा प्रेक्षक तर पडद्याशी बोलणारा प्रेक्षक आहे, आणि मला त्याचा तो मोकळेपणा प्रिय आहे. याउलट एखादी कृती अर्धवट सोडून काळोख केला, उदाहरणार्थ शटरला हात घातला आणि ते अर्धे वर गेले, तर त्याच ४८ फ्रेममध्ये कोणी बोलत नाही, कारण डोके पुढचे चित्र पूर्ण करण्यात गुंतलेले असते.

दणक्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. आपल्या शहरात, विशेषतः पूर्व भागात, तेलुगू चित्रपटांचा मोठा आणि जाणकार प्रेक्षक आहे, कन्नड चित्रपटही इथे पाहिले जातात. नायक वळला, दणका वाजला, पडदा काळा झाला की टाळ्या-शिट्ट्या वाजवायच्या, ही भाषा त्या प्रेक्षकाला पाठ आहे, आणि त्या चित्रपटांत ती योग्यच आहे. तुम्ही तीच भाषा एका साध्या, थकलेल्या इन्स्पेक्टरला दिलीत. चित्रपटात हा माणूस बोलताना कोणाच्या नजरेला नजरही देत नाही. ट्रेलरने त्याला नायकाचे कपडे घातले आणि ते त्याला होत नाहीत, हे प्रेक्षकाने क्षणात ओळखले. दुसरी गोष्ट निव्वळ तांत्रिक आहे. दणक्याचा जोर खालच्या स्वरांत असतो. चित्रपटगृहातल्या सबवूफरवर तो छातीत जाणवतो; मोबाइलचा बोटभर स्पीकर मात्र साधारण २०० हर्ट्झच्या खालचे स्वर जवळजवळ देतच नाही. त्यामुळे मोबाइलवर दणका नाहीसा होतो आणि उरतो तो शांततेत डोळे वटारणारा एक नट. बहुतेक लोक ट्रेलर मोबाइलवरच पाहतात, म्हणून मी मिक्सिंग झाल्यावर तो आधी साध्या मोबाइलवर ऐकते आणि मगच मोठ्या स्पीकरवर.

धोट्याच्या ओळीबद्दल थोडक्यात. चित्रपटात धोटा हा पुरावा आहे आणि ज्याने मागावरून उडालेला धोटा लागलेला माणूस पाहिला आहे त्याला त्याची भीती ठाऊक आहे. पण मोठी, अधिक मोठी अशी चढत जाणारी यादी शेवटी रोजच्या कामातल्या एका वस्तूवर उतरली की हसू येणारच. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९० मध्ये लिहिले होते की ताणलेली अपेक्षा अचानक शून्यात विरली की हसू फुटते. ती ओळ काढून टाका.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. हसू ट्रेलरपुरते का राहत नाही? काही वर्षांपूर्वी मी एका मराठी चित्रपटाचा ट्रेलर कापला होता. चित्रपटाचे नाव लिहिणार नाही, पण चूक माझी होती. हरवलेल्या मुलाचा बाप पोलीस ठाण्यात टेबलाला धरून विचारतो, ‘माझं पोरगं कुठंय साहेब?’ वाक्य इतके भेदक होते की मी ते ट्रेलरमध्ये तीन वेळा वापरले, प्रत्येक वेळी थोडे मोठ्या आवाजात. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याचा अर्थ गेला आणि नुसता ठेका उरला. पोरांनी तो ठेका उचलला. कोणाची गाडी दिसली नाही, कोणाचा डबा सापडला नाही, तरी तेच वाक्य. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळच्या खेळाला मी सोलापुरातच मागच्या रांगेत बसले होते. तो प्रसंग आला, बाप टेबलापाशी पोहोचला, त्याने श्वास घेतला आणि तो बोलण्याच्या आधीच मधल्या रांगांतल्या पाच-सहा जणांनी ते वाक्य म्हटले. सगळे हसले. ज्या नटाने रंगभूमीवर तीस वर्षे घालवून तो श्वास कमावला होता, ते माझ्यापासून चार खुर्च्या पलीकडे बसले होते. ते मध्यंतरात उठून गेले. तेव्हापासून कोणताही संवाद मी ट्रेलरमध्ये दोनदा वापरलेला नाही.

तिथे घडले ते असे. थरारपट पाहताना प्रेक्षक आधीच हसण्याच्या काठावर असतो, कारण ताण सोडवण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे. अंधारात बसलेले तीनशे लोक एकमेकांना न सांगता ठरवतात की आपण शांत राहू. पहिला जो हसतो, तो इतरांना परवानगी देतो. फसलेला ट्रेलर ती परवानगी प्रेक्षक घरातून निघण्याच्या आधीच देऊन ठेवतो, आणि नेमकी कोणत्या क्षणी वापरायची तेही शिकवतो. तुमच्या बाबतीत तो क्षण ७१वे मिनिट आहे. पूर्ण चित्रपट पाहिलेले तुमचे मित्र हसले नाहीत याचे कारण त्यांनी ट्रेलर पाहिलेला नव्हता. प्रदर्शनाच्या शुक्रवारचा प्रेक्षक तो पाहून येणार आहे.

निर्मात्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे: नाव लोकांच्या तोंडी होते. पण त्या हसण्यामुळे जे येतील, ते चार-पाच मित्रांचे घोळके हसण्यासाठी येतील आणि तसे हसू चित्रपटात सापडले नाही की मध्यंतराला बाहेर पडतील. ज्यांच्यासाठी तुम्ही हा चित्रपट केला, जी माणसे आपल्या घरात यंत्रमागाचा आवाज ऐकत वाढली, ती ‘काहीतरी टवाळ दिसतोय’ म्हणून येणार नाहीत. ट्रेलर हे कायद्याच्या दृष्टीने वचन नाही. आपल्याच मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेने २०१६ सालच्या एका हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत दाखवलेले गाणे प्रत्यक्ष चित्रपटात नाही म्हणून ग्राहक न्यायालयात दाद मागितली होती आणि तिला भरपाईही मंजूर झाली होती. परंतु एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले आणि प्रचाराचा ट्रेलर म्हणजे करार किंवा प्रस्ताव नव्हे, असे स्पष्ट केले. न्यायालयाचे म्हणणे मान्य. प्रेक्षक मात्र ट्रेलरमधून एवढे नक्की ठरवतो की आपण कोणत्या मनःस्थितीत आत जायचे, आणि ते त्याच्याकडून परत घेणे फार कठीण जाते.

म्हणजे थरारपटाच्या ट्रेलरमध्ये विनोद नसावाच, असे माझे म्हणणे नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६० मध्ये ‘सायको’साठी केलेल्या साडेसहा मिनिटांच्या ट्रेलरमध्ये ते स्वतः चित्रपटातल्या मोटेलात (रस्त्याकडेच्या लॉजमध्ये) आणि घरात फिरत, घर दाखवायला आलेल्या माणसाच्या सुरात बोलतात आणि प्रेक्षक त्यांना हवे तिथे हसतो. शेवटी ते न्हाणीघराचा पडदा ओढतात आणि किंकाळी येते. त्या किंकाळीतला चेहरा मात्र चित्रपटातल्या त्या प्रसंगातील जॅनेट ली यांचा नाही, तो त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या अभिनेत्री व्हेरा माइल्स यांचा आहे. म्हणजे साडेसहा मिनिटे बोलूनही त्यांनी चित्रपटातला कळसाचा क्षण खर्च केला नाही. त्यांचे हसू हेतूने आणलेले होते आणि किंकाळी बाहेरून आणलेली होती. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी उलट झाल्या आहेत.

धीर देणारी गोष्टही आहे: दृश्ये पुन्हा चित्रित करण्याची गरज नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट रायंग या संकलकाने ‘द शायनिंग’ या भयपटातील दृश्यांचाच एक गंमतीचा ट्रेलर केला आणि केवळ क्रम, निवेदन व गाणे बदलून तो बापलेकांच्या प्रेमाचा हलकाफुलका चित्रपट वाटेल असा उभा केला. जोडणीने भीतीचे हसू करता येते, तसे तुमच्या बाबतीत हसूचे भय जोडणीनेच परत करावे लागेल.

जुना ट्रेलर चित्रपटगृहातून आजच थांबवा. खुलासा, क्षमा किंवा ‘ते मुद्दामच तसे केले होते’ असे काहीही लिहू नका, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यावर तक्रारी करत बसू नका. त्याला विरोध केला की त्याचे आयुष्य वाढते. नवा ट्रेलर ७०-७५ सेकंदांचा करा. त्यात संवाद नको, निवेदन नको, संगीतही नको. तुमच्याकडे या शहरातल्या कोणालाही ओळखू येईल असा एक आवाज आहे: आठ मागांची एकत्र खटखट. पहिल्या दृश्यात दारापुढे चपलांचे आठ जोड दाखवा. मग माग, धोटा, बीमवरचे (मागाच्या रुळावर गुंडाळलेले) सूत, डबा घेऊन चाललेली बहीण, खाली मान घालून लिहिणारा इन्स्पेक्टर, सगळे त्या ठेक्यावर. मग एक माग थांबू द्या. पाळी चालू असताना माग मध्येच थांबला की शेडमधला प्रत्येक माणूस मान वळवतो, आणि गृहात बसलेल्यांपैकी अनेकांनी आयुष्यात कधीतरी ती मान वळवलेली आहे. एकेक करून बाकीचेही थांबू द्या. शेवटचे दृश्य पुन्हा दाराचे, पाळी सुटलेली आहे आणि एकच जोड उरला आहे. लाल दोरा दाखवू नका. चपला लांबूनच दिसू द्या. रहस्य फुटत नाही आणि विभाव मिळतो. त्यानंतर नाव, तेही दणक्याविना.

चित्रपटगृहात दाखवण्याच्या ट्रेलरला सेन्सॉर मंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, त्यामुळे त्याचे वेळापत्रक आधी बसवा. इंटरनेटवर तो त्याआधी देता येईल. प्रसिद्ध करण्यापूर्वी दहा-बारा अनोळखी माणसांना तो मोबाइलवर दाखवा, एकेकट्याला नको, दोघा-दोघांना. ‘कसा वाटला’ असे विचारू नका, कारण सोलापूरचा माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. ‘गोष्ट कशाची असेल’ असे विचारा. आणि ते पाहत असताना तुम्ही पडदा सोडून त्यांच्याकडे पाहा. दोघांपैकी एकाची नजर ज्या क्षणी शेजाऱ्याकडे वळते, तो क्षण लिहून ठेवा. हसू त्याच्या पाठोपाठ येत असते, दाबले गेले तरी.

७१व्या मिनिटाचे काय, हा निर्णय तुमचा आहे, पण माझा सल्ला बदल करण्याचा आहे. तो तुकडा हजारो लोकांनी पाहिलेला असेल तर तोच चेहरा, तोच कोन पुन्हा दिसताच हसू येईल. चेहऱ्याऐवजी चपलेवर थांबा, तिचा हात लाल दोऱ्यापर्यंत जाऊ द्या आणि किंकाळी येऊच देऊ नका. शेजारच्या शेडमधल्या मागांचा आवाज तिच्यावरून जाऊ द्या. प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटात असा बदल केल्यास तो मंडळाला कळवून नोंदवून घ्यावा लागतो, म्हणून याच आठवड्यात ठरवा. त्या अभिनेत्रीला आधी विश्वासात घ्या आणि नवी जोडणी तिला सर्वांत आधी दाखवा.

आणि माग थांबल्यानंतरची शांतता तयार आवाजांच्या लायब्ररीतून घेऊ नका. रात्रपाळी सुटते तेव्हा रेकॉर्डर घेऊन त्याच शेडमध्ये जा. शेवटचा माग बंद झाल्यावर पत्र्यावर कबुतरांच्या पायांचा जो आवाज ऐकू येतो, तो किमान पाच मिनिटे सलग घ्या.